डाळ शिजेना, फिल्म बसेना : लातूरच्या एका प्रयोगशाळेतलं पाण्याचं प्रकरण

मार्च २०१६ च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या विद्यार्थ्याने खिडकीपाशी काळ्या कागदावर सहा काचा मांडल्या. तीन डिसेंबरातल्या, तीन आदल्या दिवशीच्या. लांबून पाहिलं तर कालच्याच जास्त पांढऱ्या, जास्त भरलेल्या दिसत होत्या. डिसेंबरातल्या काचांवर नुसता पुसट थर, दुधाचा ग्लास विसळल्यावर राहतो तसा. "मॅडम, ग्रोथ वाढलीये," तो म्हणाला. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कालच्या एका काचेवरून हलकेच फिरवला. बोळा पांढरा झाला आणि काच लख्ख. तसाच बोळा डिसेंबरातल्या काचेवर तीनदा फिरवला; काही हललं नाही.

एकाला फिल्म म्हणतात, दुसऱ्याला काचेवर बसलेली भुकटी. पुढचे दोन महिने आम्ही या फरकामागे होतो. या प्रकरणात उपकरणं साधी आहेत, चूकही साधीच निघाली. तरी ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं, कारण मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत असलं काम चालतं आणि तिथेही पाणी आमच्यासारखंच मिळेल तिथून येतं.

काम काय होतं

आम्ही काचेवर झिंक ऑक्साइडच्या नॅनोकांड्या उगवत होतो. झिंक ऑक्साइड हा अर्धवाहक. त्याचं ऊर्जा-अंतर (बँड गॅप), म्हणजे आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, साधारण ३.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं. म्हणजे दिसणारा उजेड त्याच्यातून आरपार जातो आणि अतिनील किरण मात्र तो शोषतो. त्यामुळे अतिनील प्रकाशाचे शोधक, वायूचे सेन्सर, पारदर्शक ट्रान्झिस्टर अशा कामांसाठी त्याच्याकडे पाहिलं जातं. स्फटिकाची ठेवण षटकोनी. सोयीचं वातावरण मिळालं की तो एकाच दिशेने, उंच, वाढतो. ज्वारीच्या ताटांसारख्या कांड्या काचेवर उभ्या राहतात. फक्त एकेका कांडीची जाडी केसाच्या हजाराव्या भागाएवढी.

असे थर उगवण्याच्या श्रीमंत पद्धतीही आहेत. मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सीत वायुमंडलाच्या लाखो कोटींव्या हिश्शाएवढ्या निर्वातात अणूंचे झोत सोडतात आणि सेकंदाला साधारण एक अणुथर या गतीने स्फटिक चढतो. गॅलियम नायट्राइडच्या एलईडीसाठी सेंद्रिय-धातू वाफांची भट्टी असते, हजार अंशांच्या आसपास तापणारी. आमच्याकडे वॉटर बाथ, बीकर आणि जुन्या संगणकाच्या पंख्यावर दुतोंडी टेप लावून बनवलेला स्पिन कोटर, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावण पसरवणारं यंत्र. रासायनिक स्नानाने थर चढवायची ही रीत महाराष्ट्रात रुजली त्याचं मोठं श्रेय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने वर्षानुवर्षं केलेल्या कामाला आहे. निर्वात पंप घ्यायची ऐपत नसलेल्या खोल्यांतूनही त्यामुळे शोधनिबंध निघू लागले.

कृती अशी. काचेवर झिंक ॲसिटेटचं अल्कोहोलमधलं पातळ द्रावण फिरवून ३५० अंशाला भाजायचं, की झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचं बी पसरतं. मग १०० मिलिलिटर पाण्यात ०.७४४ ग्रॅम झिंक नायट्रेट आणि ०.३५० ग्रॅम हेक्सामाइन, म्हणजे दोन्हींचं २५ मिलिमोलर द्रावण. बी लावलेली बाजू खाली तोंड करून काच तिरपी ठेवायची, बीकरवर ॲल्युमिनियमची फॉइल बांधायची, ९० अंशाला तीन तास. हेक्सामाइन तापलं की हळूहळू फुटतं, फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया देतं. अमोनिया पाण्यात हायड्रॉक्सिल सोडतो आणि त्यातून झिंक ऑक्साइड बनतं. सगळी गंमत त्या 'हळूहळू'त आहे. कॉस्टिक सोडा ओतला तरी झिंक ऑक्साइड मिळेल, पण पांढरा गाळ म्हणून.

काच तोंड खाली करून का ठेवायची, हे नवीन पोरं हमखास विचारतात. बीकरमध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी स्फटिक जन्मू शकतो: काचेवरच्या बियांवर किंवा पाण्यात अधांतरी. अधांतरी जन्मलेले कण खाली बसतात. काच उताणी असेल तर तिच्यावरच बसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, काय छान फिल्म आली! आमची काच पालथीच होती. तरीही त्या मार्चात भुकटी तिला चिकटली, इतकी ती दाट होती.

वजनाचा चकवा

विद्यार्थी औशाचा, हिशेबाला पक्का. त्याच्या वहीत प्रत्येक काचेचं आधीचं आणि नंतरचं वजन होतं. डिसेंबरात काचेमागे चार मिलिग्रॅमच्या आसपास वाढ, मार्चात सात. म्हणून तर तो ग्रोथ वाढली म्हणत होता. बोळा फिरवल्यावर मार्चातल्या काचेवर अर्धा मिलिग्रॅमही उरलं नाही.

मी त्याला एक बेरीज करायला लावली. १०० मिलिलिटरात जेवढं झिंक घातलं, त्या सगळ्याचं ऑक्साइड झालं तर किती? उत्तर येतं २०३ मिलिग्रॅम. चांगल्या दिवशीही त्यातलं चारच काचेवर जातं, दोन टक्के. बाकीचं तळाला, भिंतीला, नाही तर द्रावणातच. म्हणजे ही पद्धत मुळातच काठावर चालते. पाण्यात अधांतरी कण थोडे लवकर जन्मले की ते उरलेलं झिंक ओढून घेतात आणि काचेवरचं बी उपाशी राहतं. सगळा खेळ बिघडवायला फार मोठा अपराधी लागत नाही.

नांदेडच्या विद्यापीठातून एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची ठेवण पाहायची तपासणी, करून आणलं, त्यातही हेच दिसलं. झिंक ऑक्साइडच्या आलेखात तीन मुख्य शिखरं शेजारी-शेजारी असतात, ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर. कणांची दिशा कशीही असेल, तर तिसरं शिखर सगळ्यांत उंच येतं. भुकटीच्या प्रमाण नोंदीत ते १०० धरलं तर मधलं ४४. कांड्या काचेवर सरळ उभ्या असतील तर मधलंच एकटं ताडासारखं वाढतं आणि शेजारची दोन दबून जातात. डिसेंबरातल्या काचेचा आलेख तसा होता. मार्चातला थेट भुकटीचा. विद्यार्थ्याने दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आधी नको तिथे शोध

पहिला संशय विजेवर, लातुरात तो रीतच आहे. दुपारी दाब पडतो, बाथ थंड होत असेल. विद्यार्थ्याने तीन तास थर्मामीटरपाशी बसून दर दहा मिनिटांनी नोंद घेतली. ८८ ते ९१ अंश. ठीक.

मग हेक्सामाइनची बाटली. फेब्रुवारीत नवीन फोडली होती. जुनीत तळाला थोडं उरलं होतं, तेवढ्यात एक बॅच केली. भुकटीच. मग बी. भाजण्याची भट्टी, स्पिन कोटरचा वेग, काच धुण्याचा साबण. प्रत्येकावर दोन-तीन दिवस गेले आणि प्रत्येक वेळी काचेवरून बोळा पांढराच निघाला. यात मार्च संपला. या काळातल्या नोंदी मी परत वाचल्या तेव्हा एक गोष्ट खटकली: 'पाणी' हा शब्द कुठेही नाही. आमच्या वहीच्या नमुन्यात रसायनांसाठी रकाने होते, कंपनीचं नाव, बॅच क्रमांक, शुद्धता. ज्या पदार्थाचा बीकरमध्ये जवळपास ९९ टक्के वाटा, त्याला रकाना नाही.

मामांचं निदान

आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांना सगळे मामा म्हणतात. मार्चअखेरीस एका दुपारी ते बीकर विसळता विसळता म्हणाले, "मॅडम, ह्या जारच्या पाण्यात घरी डाळ शिजंना. तुमचं काय उगवायलंय त्यात?"

इथे लातूरचा तो उन्हाळा सांगायला हवा. शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलेलं. नळ कोरडे. टँकर भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन, जवळपास साडेतीनशे किलोमीटरवरून. अशा गावात आमच्या विभागात डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट होता आणि त्याच्या कंडेन्सरमधून थंड करायचं पाणी सतत मोरीत जात असे. प्राचार्यांनी जानेवारीअखेर तो बंद करायला सांगितला. मला ते तेव्हाही पटलं होतं, आताही पटतं. त्याऐवजी वीस लिटरचे आरओचे जार सुरू झाले. पाणी 'शुद्ध' आहे, असं जारवरच लिहिलेलं असतं.

फेब्रुवारीत मामांनी एका जारमध्ये टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी, पेन बुडवली होती, तेव्हा आकडा साठ आला होता. कुणी मनावर घेतलं नाही. आता परत बुडवली: १९०. प्यायला काहीच हरकत नाही; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं. पण पाणी बदललं होतं हे खरं. जारवाल्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, तोही बोअरच्या भरवशावर होता. बोअरचं पाणी जसं खोल जाईल तसं क्षाराचं येतं, आणि चव यावी म्हणून आरओच्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळायची पद्धत या धंद्यात आहेच. ही पेन क्षार मोजत नाही, पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका ठरावीक अंकाने गुणून दाखवते. कोणता क्षार, ते तिला कळत नाही.

तुलनेला चांगलं पाणी कुठून आणायचं? दुकानात बॅटरीचं पाणी मिळतं, पण त्याचा भरवसा बाटलीगणिक. तेव्हा मामांनी कपाटामागून पाच लिटरचा कॅन काढला. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी डिसेंबरातच प्लांटचं पाणी भरून ठेवलं होतं. पेन म्हणाली दोन. त्याच दिवशी, त्याच बाथमध्ये, शेजारी-शेजारी दोन बीकर लावले. एकात जारचं पाणी, दुसऱ्यात कॅनचं. रसायनं, काच, बी, सगळं एक. जारच्या बीकरमधलं द्रावण कोमट होतानाच धुरकट झालं. कॅनचं जवळजवळ पाऊण तास नितळ राहिलं. संध्याकाळी बोळा फिरवला आणि कॅनच्या काचेवरचा थर जागचा हलला नाही.

मामा चहा आणायला गेले. बक्षीस त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं म्हणायचं.

एकवीस मिलिग्रॅम

इथे थांबलो असतो तरी काम चाललं असतं: जारचं पाणी वाईट, डिस्टिल्ड चांगलं. पण पाण्यातलं नेमकं काय, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. 'जड पाणी' असं सगळे म्हणत होते. (पदार्थविज्ञानवाल्यांना जड पाणी म्हटलं की ड्यूटेरियम आठवतं, त्यावरून स्टाफरूममध्ये दोन दिवस विनोद झाले. शाळेच्या पुस्तकातला 'दुष्फेन' हा शब्द जास्त नेमका, पण तो कुणाच्या तोंडी नाही.)

रसायनशास्त्र विभागातल्या सहकारी बाईंनी ईडीटीएने, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या रसायनाने, जडपणा मोजून दिला. वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब-थेंब. जारच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा लिटरला ९० मिलिग्रॅम निघाला. अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, मोजली तर १२५. या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. जडपणापेक्षा अल्कता जास्त, म्हणजे सगळं बायकार्बोनेट कॅल्शियम-मॅग्नेशियमसोबत नाही. काही सोडियमसोबत आहे. हे आरओला धरूनच आहे. त्याचा पडदा कॅल्शियमसारखे दुहेरी प्रभाराचे आयन चांगले अडवतो, सोडियमसारखे एकेरी थोडे सुटतात.

मग संशयित वेगळे करायचे. कॅनच्या चांगल्या पाण्याचे चार बीकर भरले. एकात कॅल्शियम नायट्रेट, जारमधल्या जडपणाइतकं. दुसऱ्यात खायचा सोडा, जारमधल्या बायकार्बोनेटइतका. तिसऱ्यात सोडियम नायट्रेट, म्हणजे सोड्यातल्या सोडियमवर आळ येऊ नये म्हणून. चौथा कोरा. योगायोग असा की १०० मिलिलिटरसाठी तिन्हींचं वजन २१ मिलिग्रॅमच आलं. बटर पेपरवर तीन इवलाल्या ढिगल्या, बोटाच्या नखावर मावतील एवढ्या. विद्यार्थ्याने त्यांच्याखाली पेन्सिलने क, ख, ग लिहिलं, कारण दिसायला तिन्ही मिठाच्या चिमटीसारख्याच.

कॅल्शियमच्या बीकरमध्ये फिल्म बसली. सोडियम नायट्रेटच्यातही बसली. सोड्याच्या बीकरमध्ये द्रावण गरम होतानाच दुधाळ झालं आणि काचेवर भुकटी. दोनदा परत केलं, दोन्हीदा तेच.

कारण जुळतं. बायकार्बोनेट झिंकबरोबर लगेच, हेक्सामाइन फुटायच्या आधीच, झिंकचं भस्मी कार्बोनेट बनवू लागतं. त्याने खाल्लेलं झिंक फार नाही, दहातलं एखादं. नुकसान खाण्याचं नाही, कणांचं आहे. पाण्यात अब्जावधी सूक्ष्म कण तरंगायला लागतात आणि पुढे हेक्सामाइनने हळूहळू दिलेलं प्रत्येक हायड्रॉक्सिल त्या कणांवरच खर्ची पडतं. काचेवर आपण मुद्दाम बी पेरतो, आणि इथे पाण्यात न पेरताच तण माजतं.

मामांना हे सांगितलं तर ते पेचात पडले. त्यांच्या घरी डाळ शिजत नसली की सोड्याची चिमूट टाकतात. आणि तेच बरोबर आहे! डाळ कॅल्शियममुळे अडते. कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं आणि दाणा विरघळत नाही. सोडा त्याची मिठी सैल करतो. आमची फिल्म कॅल्शियम खुशाल सोसते, सोड्याने मरते. म्हणजे डाळीवरून मामांनी पाणी बरोबर ओळखलं, पण डाळीचा शत्रू आमचा निरपराध आणि डाळीचा मित्र आमचा गुन्हेगार. निदान खरं, कारण नेमकं उलटं. तुरीच्या डाळीचा बाजार असलेल्या गावात हे कळायला एवढे दिवस लागले, याचं मला थोडं हसू आलं.

विद्यार्थ्याला उपाय झटपट सुचला: जारचं पाणी उकळून गाळून घेऊ, तात्पुरता जडपणा जातो. केलं. फिल्म थोडी बसली, अर्धी पुसली गेली. सोडियमसोबतचं बायकार्बोनेट उकळून गाळ होत नाही, ते तसंच राहिलं होतं. मग नायट्रिक आम्लाचे मोजून थेंब टाकून बायकार्बोनेट मारलं आणि वायू उकळून काढला. आता फिल्म बसली, पण प्रत्येक जारला कांड्यांची जाडी वेगळी. क्लोराइड, सिलिका, काय काय मागे उरतं, ते जारगणिक बदलतं. प्रात्यक्षिकाला चालेल, प्रबंधाला नाही. त्याचा चेहरा उतरला. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी तीच कृती केल्यावर तीच फिल्म आली नाही, तर आपण काय उगवलं ते सांगणार कसं?

चिपच्या कारखान्यांत हा प्रश्न वेगळ्या पातळीवर असतो. तिथलं पाणी इतकं शुद्ध असतं की त्याची रोधकता, म्हणजे वीज अडवायची ताकद, १८.२ मेगाओम-सेंटिमीटरपर्यंत जाते. त्यापलीकडे पाण्याला जाताच येत नाही, कारण पाण्याचे स्वतःचेच आयन उरतात. आम्हाला पेनवर दोन आला तरी दिवाळी.

वीस लिटरचा हिशेब

म्हणजे डिस्टिलेशन परत हवं. आणि गावात पाणी नाही.

मी फळ्यावर हिशेब मांडला. एक लिटर पाण्याएवढी वाफ थंड करून पाणी करायची तर तिच्यातली सुप्त उष्णता सुमारे २२५७ किलोज्यूल, वर ते गरम पाणी आणखी निववायचं. सगळे मिळून २४८० धरू. एप्रिलात टाकीचं पाणीच ३३-३४ अंशांचं. कंडेन्सरमधून ते ३० अंश तापून निघतं. एक लिटर पाणी ३० अंशांनी तापताना १२५ किलोज्यूल नेतं. भागाकार केला तर वीस लिटर आलं. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमागे वीस लिटर मोरीत. आमची रोजची गरज दोन लिटरची, म्हणजे जवळपास तीन घागरी रोज सांडायच्या. ज्या विद्यार्थिनी पहाटे चारला रांगेत उभं राहून कॉलेजला येत होत्या, त्यांच्यासमोर हे करणं शक्य नव्हतं.

पाणी सांडायचं नाही, फिरवायचं, हे सुचायला अवघड नाही. दोनशे लिटरचा ड्रम ठेवला आणि कूलरच्या मोटरने पाणी फिरवलं. पहिल्या दिवशी छान चाललं. दुसऱ्या दिवशी ड्रम कोमट, तिसऱ्या दिवशी कंडेन्सरच्या तोंडातून वाफ बाहेर. उष्णता कुठेतरी जायला हवी होती.

मामा म्हणाले, "मग कूलरच लावा की." स्टाफरूममधला वाळ्याच्या पडद्यांचा कूलर व्हरांड्यात आणला. कंडेन्सरमधून निघालेलं गरम पाणी पडद्यांवर सोडायचं, तळाच्या टाकीतलं निवलेलं पाणी मोटरने परत कंडेन्सरला. लातूरच्या उन्हाळ्यात हवा ४१-४२ अंशांची, पण कोरडी ठणठणीत, त्यामुळे पडद्यावरचं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत उतरतं. मोठ्या वीजकेंद्राचा शीतमनोरा हेच करतो. पाणी आता वाफ होऊनच उष्णता नेतं, म्हणून कागदावर हिशेब सुंदर येतो: एक लिटर डिस्टिल्ड वॉटर मिळवायला एक लिटर पाणी उडतं. एका वाफेची उष्णता दुसरी वाफ घेऊन जाते.

प्रत्यक्षात दोन लिटर काढताना टाकीतून चारेक लिटर कमी व्हायचं. पंखा गरम वारा आत ओढतो, तो वाराही आपला वाटा पितो. माझ्या फळ्यावर त्याला जागा नव्हती. पंखा मंद केला, साडेतीनवर आलं. चाळीसच्या जागी साडेतीन. प्राचार्य स्वतः येऊन पाहून गेले आणि कूलरवर हात ठेवून म्हणाले, "चालू द्या."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फिल्म बसू लागल्या, ओळीने पाच बॅचेस.

लिंबूसत

सहावी बिघडली. बोळ्याने पुसली जात नव्हती, म्हणजे भुकटी नव्हे. पण वजन निम्मं, आणि एक्सआरडीत मधलं शिखर बुटकं. आम्ही पुन्हा पाणी तपासलं; पेनवर दोन. पैसे खर्चून पुण्याला सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाठवला. चित्रात उभ्या कांड्यांच्या जागी ठेंगण्या, चपट्या षटकोनी चकत्या, फरशीच्या दुकानात रचलेल्या टाइल्ससारख्या.

तो आकार पाहिल्यावर मात्र वेळ लागला नाही. सायट्रेट झिंक ऑक्साइडच्या स्फटिकाच्या माथ्यावर बसतं आणि त्याची उंची खुंटवतं, हे माहीत असलेलं आहे. चकत्या हव्या असतील तर ते मुद्दाम घालतात. आम्ही घातलं नव्हतं. मामांनी घातलं होतं. प्लांटच्या हीटरवर साचलेला खडू काढायला त्यांनी किराणा दुकानातून लिंबूसत, म्हणजे सायट्रिक आम्ल, आणलं, काम झकास झालं, आणि उरलेल्या द्रावणात बीकरवरचे पांढरे डागही धुऊन टाकले. विसळायला पाणी जपून वापरलं. पाणी जपायचं हे आम्हीच तर तीन महिने सांगत होतो.

मामा ओशाळले. मी त्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही चुकून जे केलं त्यावर लोकांनी निबंध छापलेत." विद्यार्थ्याने ती बॅच फेकली नाही; प्रबंधात 'लहान चकत्या' या नावाने तिला अर्धं पान मिळालं. बीकरसाठी त्यानंतर फक्त सौम्य नायट्रिक आम्ल, आणि शेवटची विसळ प्लांटच्या पाण्याची.

जूनमध्ये पाऊस आला, त्या वर्षी बराच आला. हवा दमट झाली तसा कूलर पाणी पूर्वीइतकं निववेना, पण तोवर टाकीचं पाणीच थंड होतं. स्टाफरूमने कूलर परत मागितला. मिळाला नाही, मामांनी त्याला व्हरांड्याच्या गजांना तारेने बांधून टाकलं होतं.

प्लांटशेजारी आता एक वही लटकते. तारीख, कुठलं पाणी, पेनचा आकडा, आणि चौथा रकाना परीक्षानळीचा: पाण्यात झिंक नायट्रेटची चिमूट टाकून कोमट करायचं आणि काळ्या कागदावर धरून पाहायचं, धुरकटतं का. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पेनपेक्षा जास्त खरं सांगते, आणि ती आम्ही मार्चात का केली नाही याला माझ्याकडे उत्तर नाही. इन्व्हर्टरच्या कॅनमध्ये डिसेंबरातलं लिटरभर पाणी अजून उरलंय. त्यावर मामांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: हात लावू नये. वहीतली त्यांची शेवटची नोंद, निवृत्तीच्या आठवड्यातली, अशी:

"पाणी टँकरचं. पेन २. नळी साफ. डाळीचं विचारू नये."